जोडघराची भिंत : नॉर्थ हॅरोमध्ये राहायला येण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून एक कुटुंब लंडनला येतंय. नवऱ्याची नोकरी सिटीत, म्हणजे लंडनच्या मधल्या बँका-कचेऱ्यांच्या भागात, मुलगी नऊ वर्षांची, सासूबाई वर्षातले काही महिने येऊन राहणार. लंडनच्या वायव्येकडच्या उपनगरांत, नॉर्थ हॅरो नाहीतर पिनरला, सेमी-डिटॅच्ड घर, म्हणजे जोडघर, घ्यायचा विचार आहे. दोनदा येऊन पाहिलं, दोन्ही वेळा रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. "घर आवडलं, पण इथे माणसं राहतात का? आम्ही एकटे पडू का?" असं विचारलंय.

मी 2001 पासून नॉर्थ हॅरोत राहते आणि बिल्डिंग सर्व्हेअर आहे. घर विकत घेण्याआधी ते तपासून लेखी अहवाल देणं हे माझं काम. या पट्ट्यातली शेकडो घरं मी पोटमाळ्यापासून गटाराच्या झाकणापर्यंत पाहिली आहेत. म्हणून उत्तर घरापासून सुरू करते. इथली माणसं अशी का वागतात हे मला घरं बघता बघताच उमगलं.

आधी ही वस्ती कुठून आली ते. आपल्याकडे गाव असतं आणि त्याला स्टेशन मिळतं. इथे बहुतेक ठिकाणी स्टेशन आधी आलं, गाव मागाहून. मेट्रोपॉलिटन रेल्वे 1863 मध्ये पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी सुरू झाली, जगातली पहिली भुयारी रेल्वे. 1880 मध्ये ती हॅरोला पोचली, 1885 मध्ये पिनरला. तेव्हा आजूबाजूला कुरणं आणि शेतं होती. इतर रेल्वे कंपन्यांना रुळांसाठी घेतलेली जादा जमीन विकून टाकावी लागे. या कंपनीला मात्र ती हाताशी ठेवायची मुभा होती. तिने त्या जमिनीवर घरं उठवली. 1915 मध्ये जाहिरातीसाठी 'मेट्रो-लँड' हे नाव काढलं आणि 1919 मध्ये घरबांधणीसाठी वेगळी कंपनीच स्थापली. नॉर्थ हॅरोचं स्टेशनही 1915 चंच. पुढच्या वीसएक वर्षांत शेजारच्या रेनर्स लेनची हॅरो गार्डन व्हिलेज ही वसाहत आणि त्याच्या आजूबाजूचे सगळे रस्ते भरले. शहरात नोकरी करा, संध्याकाळी आपल्या बागेत या, हे त्या जाहिरातींचं सांगणं होतं, आणि घरं अगदी त्याबरहुकूम बांधली गेली.

त्यात 'आपल्या बागेत' हे शब्द महत्त्वाचे. या घराचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. दोन घरं एका भिंतीने जोडलेली. पुढे छोटासा बगिचा, गुडघाभर उंचीची भिंत, गोल बाहेर आलेली बे विंडो, दाराच्या काचेत रंगीत तुकडे. मागे लांबच लांब बाग, तीत हिरवळ, सफरचंदाचं झाड, शेड. स्वयंपाकघर मागे, जेवायची खोली मागे, मुलांची घसरगुंडी मागे. घराने रस्त्याला नुसता चेहरा दिलाय, सगळा संसार मागच्या अंगाला. तुम्ही ज्या दुपारी त्या रस्त्यावर उभ्या होतात, तेव्हा निदान चार-पाच घरांत लोक असणारच. ते मागे होते. वाड्यात नाहीतर सोसायटीत वाढलेल्या माणसाला ओटा, जिना, पार्किंग असं काहीतरी सामायिक लागतं. इथे घर बांधणाऱ्याने तसं काही ठेवलंच नाही. सामायिक आहे ती फक्त ती एक भिंत.

दुसरं म्हणजे वेळ. हे उपनगर गाडीच्या वेळापत्रकावर चालतं. घरून काम सुरू झाल्यापासून सोमवार आणि शुक्रवार ढिले पडलेत, पण मंगळवार ते गुरुवार अजून जुनाच ताल आहे. सकाळी साडेसात ते पावणेनऊ माणसं स्टेशनकडे. मग शांतता. सव्वातीनला शाळा सुटतात, तेव्हा अर्धा तास सगळा रस्ता मुलांचा. परत शांतता. आणि संध्याकाळी सहानंतर दर काही मिनिटांनी स्टेशनच्या जिन्यावरून माणसांचा एकेक घोळका उतरतो. पहिल्या वळणावर निम्मे गळतात, दुसऱ्या वळणावर आणखी काही, आणि आपल्या गल्लीत शिरेपर्यंत पुढे एकाच माणसाची पावलं वाजत असतात. त्याच माणसाच्या मागून तुम्ही वर्षभर चालता. नाव माहीत नसतं, पण तो आठवडाभर दिसला नाही तर चुकल्यासारखं होतं. माझी एका मैत्रिणीशी ओळख अशीच झाली. तीन वर्षं पुढे-मागे चाललो, आणि एका पावसाळी संध्याकाळी ती छत्री धरून थांबली.

म्हणून घर पाहायला शनिवारी अकराला जाऊ नका. मंगळवारी संध्याकाळी पावणेसातला जा.

आता शेजाराबद्दल, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. 2004 मध्ये आम्ही पोटमाळ्यावर खोली काढली. तुळया सामायिक भिंतीत बसवायच्या असल्या की पार्टी वॉल कायद्याप्रमाणे, 1996 चा कायदा आहे तो, शेजाऱ्याला दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते. मी ती नियमाप्रमाणे लिहिली आणि शेजारच्या दाराच्या फटीतून आत टाकली. पलीकडे एक वयस्क जोडपं राहायचं. आजोबा तेव्हा आजारी होते. चौदा दिवसांत होकार आला नाही तर वाद आहे असं कायदा धरून चालतो. बाराव्या दिवशी उत्तर आलं, त्यांनी स्वतःचा सर्व्हेअर नेमला होता. खर्च अर्थातच आमच्यावर. पैशाचं मला तितकं लागलं नाही, आजींच्या पत्रातलं शेवटचं वाक्य लागलं : आपण तीन वर्षं शेजारी आहोत, आपण घंटा वाजवाल असं मला वाटलं होतं.

मी कायद्याने बरोबर होते आणि शेजारधर्माने साफ चुकले होते. इंग्लिश माणसाला कुणी दारात आलेलं आवडत नाही, हे मी कुठेतरी ऐकलं होतं आणि खरं धरून चालले होते. खरी गोष्ट वेगळी आहे. नुसत्या गप्पा मारायला घंटा वाजवणं इथे जड जातं, पण कारण असलं की घंटा वाजवलीच पाहिजे. न वाजवणं हा अपमान. आपल्याकडे गप्पा मारता मारता कामाचं निघतं. इथे कामाचं बोलता बोलता गप्पा निघतात.

पाच वर्षं आमचं मान हलवण्यापुरतं राहिलं. मग 2 फेब्रुवारी 2009 ला लंडनमध्ये इतका बर्फ पडला की शहरभरच्या बस बंद झाल्या. सकाळी मी फावडं घेऊन आमच्या दारासमोरचा बर्फ काढला आणि थांबले नाही, तशीच पुढे त्यांच्या दारापर्यंत गेले. आजोबा तोवर वारले होते. आजी गाऊनवर कोट चढवून दारात आल्या, हातात चहाचा मग. त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही अर्धा तास बोललो. पुढच्या आठवड्यात त्यांनी त्यांच्या घराची जादा किल्ली आणून दिली. इथे किल्ली देणं ही फार मोठी गोष्ट असते, हे ध्यानात ठेवा.

या जोडघरांत सहसा जिने बाहेरच्या अंगाला असतात आणि दोन्ही घरांच्या बैठकीच्या खोल्या सामायिक भिंतीला टेकलेल्या. त्यामुळे शेजाऱ्याचा टीव्ही, खोकला, शेगडीजवळची खुर्ची सरकवणं, सगळं पुसटसं कानावर येतं. आजींचा टीव्ही रात्री दहाच्या बातम्या संपल्या की बंद व्हायचा. 2013 च्या एका रात्री तो एक वाजता चालूच होता. मी पाच मिनिटं भिंतीला कान लावून उभी राहिले, मग किल्ली घेऊन गेले. त्या स्वयंपाकघरात पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलेलं, शुद्धीवर होत्या. रुग्णवाहिका येईपर्यंत मी फरशीवर त्यांच्या शेजारी बसून होते. त्यांनी मला एवढंच विचारलं, "तुला कसं कळलं?" मी भिंतीकडे बोट दाखवलं.

एकटे पडाल का, या प्रश्नाला माझं उत्तर या भिंतीतच आहे. इथे शेजार दिसत नाही, पण असतो. तो उभा राहायला वेळ लागतो, आणि पहिलं पाऊल नव्याने आलेल्यालाच टाकावं लागतं. दोन हिवाळे धरून चाला. पहिल्या वर्षी वाटेल, चूक झाली. दुसऱ्या वर्षी कुणीतरी तुमचं पार्सल घेऊन ठेवेल, तुम्ही कुणाचा तरी कचऱ्याचा डबा आत ओढून ठेवाल. डब्याची गोष्ट साधी वाटते, पण मी नवीन कुटुंबांना हाच पहिला उपाय सांगते. शेजारी सुट्टीवर गेले असतील तर त्यांचा डबा आदल्या रात्री बाहेर लावायचा आणि गाडी येऊन गेली की आत घ्यायचा. कुणी सांगत नाही, सगळे बघतात. पुढच्या बगिच्यात रविवारी सकाळी काहीतरी करत राहा, तण काढा, गाडी धुवा. त्या बुटक्या भिंतीवरून जितक्या ओळखी होतात तितक्या कुठे होत नाहीत. म्हणूनच पुढचा बगिचा सगळा फरशी घालून गाडीसाठी पक्का करू नका, असं मी पोटतिडकीने सांगते. 2008 पासून पाच चौरस मीटरपेक्षा जास्त जागा पाणी न जिरणाऱ्या फरशीने झाकायची, आणि पाणी रस्त्याकडेच सोडायचं, तर परवानगीही लागते. गाडी आत घ्यायला पदपथाची कड उतरवायची तर काऊन्सिलची, म्हणजे स्थानिक पालिकेची, वेगळी.

2020 च्या वसंतात दर गुरुवारी रात्री आठला लोक दारात येऊन आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी टाळ्या वाजवत. दहा आठवडे. आमच्या रस्त्याचा व्हॉट्सॲप ग्रुप त्यातून निघाला आणि अजून आहे. शिडी हवीय, मांजर हरवलंय, कुणाकडे जादा टोमॅटोची रोपं आहेत का, असलंच सगळं. घर घेतलं की पहिल्याच आठवड्यात त्या रस्त्याचा ग्रुप आहे का ते विचारा.

इथले लोक कोण, हेही तुम्हाला माहीत असावं. हॅरो आता नुसतं इंग्लिश उपनगर नाही. 1972 मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना नव्वद दिवसांत हाकललं, त्यातली बरीच गुजराती कुटुंबं पुढे या बाजूला स्थिरावली. 2021 च्या जनगणनेत हॅरोत साधारण चारात एक माणूस हिंदू निघाला. श्रीलंकेतले तमिळ आहेत, रोमानियन आहेत. आजींचं घर विकलं गेलं ते एका तमिळ कुटुंबाला, आणि आता भिंतीपलीकडून संध्याकाळी वीणेचा सराव ऐकू येतो. कढीपत्ता, गवार, मेथी, सुरण यांची चिंता करू नका. केंटन आणि रेनर्स लेनला सगळं मिळतं. मराठी माणसं विखुरलेली आहेत. त्यासाठी डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे, 1932 पासूनचं. नॉर्थ हॅरोहून मेट्रोपॉलिटनने वेम्बली पार्क, तिथे ज्युबिली लाइन पकडून दुसरं स्टेशन. गणपतीत जाच, पण एरवीच्या कार्यक्रमांनाही जा. सण आपल्या माणसांत करायचे आणि रोजचं जगणं शेजाऱ्यांत, ही माझी इतक्या वर्षांची वाटणी आहे. सगळा वेळ आपल्याच माणसांत काढणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. आजारपणाच्या रात्री त्यांच्या घराजवळ ओळखीचं कुणी नसतं.

सासूबाईंचं जरा काळजीने सांगते. व्हिजिटर व्हिसावर त्यांना एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने राहता येतं, आणि इस्पितळातले उपचार त्यांना फुकट नसतात, तेव्हा चांगला विमा काढूनच आणा. त्यांना एप्रिल ते सप्टेंबर आणा. जूनमध्ये नऊ-सव्वानऊपर्यंत उजेड असतो, बागेत बसता येतं, पलीकडच्या कुंपणाशी कुणीतरी येतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, आणि डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. तुम्ही दोघं कामावर, नात शाळेत, बाहेर काळोख, आणि घरात एकटी म्हातारी बाई, हे मी कुणाच्याच आईवर आणणार नाही. पहिल्या आठवड्यात त्यांना बसने वाचनालयात आणि देवळात स्वतः घेऊन जा. वाट एकदा पायाखालची झाली की त्या एकट्या जातील, आणि बसमध्ये त्यांच्याशी गुजरातीत बोलणारं कुणीतरी भेटणारच.

मुलीचं : माध्यमिक शाळेचा अर्ज इथल्या सहावीच्या (Year 6) वर्षात 31 ऑक्टोबरपर्यंत करायचा असतो, निकाल 1 मार्चला. बऱ्याच शाळा घरापासूनचं अंतर सरळ रेषेत मोजतात, रस्त्याने नाही. दलाल 'शाळा जवळ आहे' म्हणतो त्यावर विसंबू नका, मागच्या वर्षी शेवटचा प्रवेश किती अंतरावरच्या मुलाला मिळाला तो आकडा काऊन्सिलकडून घ्या. आत्ता मध्येच प्रवेश घेताना सगळ्यात जवळची शाळा भरलेलीही असू शकते.

गाडीचं : पिनर आणि नॉर्थ हॅरो दोन्ही तिकिटाच्या पाचव्या झोनमध्ये. गर्दीच्या वेळच्या फास्ट गाड्या मूर पार्कहून थेट हॅरो-ऑन-द-हिलला येतात, या दोन स्टेशनांवर थांबत नाहीत. सेमी-फास्ट थांबतात. नवऱ्याने पहिल्या आठवड्यात डब्यावरची पाटी वाचून चढावं, नाहीतर संध्याकाळी दमलेला माणूस मूर पार्कला जाऊन परत येतो.

आता माझ्या धंद्याचं, कारण घर पसंत पडलं की लोक डोळे मिटतात. हा बहुतेक भाग लंडन क्लेवर, म्हणजे चिकणमातीवर आहे. ती उन्हाळ्यात आकसते आणि हिवाळ्यात फुगते. 1976 च्या कोरड्या उन्हाळ्यानंतर घरं खचल्याच्या तक्रारींची रांग लागली ती यामुळेच. जवळ ओक, विलो किंवा पॉप्लर असेल तर झाड मातीतलं पाणी ओढून घेतं आणि त्या बाजूचा पाया खाली बसतो. बे विंडोचा पाया बऱ्याचदा उथळ असतो, म्हणून बे आणि मुख्य भिंत यांच्या सांध्यात तडा गेलाय का ते बघा. केसाएवढी रेघ ही प्लास्टरची. तिने घाबरू नका. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा जाणारा, वर रुंद होत गेलेला आणि पाच मिलिमीटरच्या पुढचा तडा दिसला की थांबा आणि माझ्यासारख्या कुणाला तरी बोलवा. मात्र झाड आधी कापू नका. ते संरक्षित असू शकतं, आणि एकदम कापल्यावर माती फुगून उलटंच नुकसान होतं.

मागे वाढवलेली खोली किंवा पोटमाळ्यावरची खोली असेल तर बिल्डिंग कंट्रोलचं, म्हणजे बांधकाम नियमांप्रमाणे झालंय का ते तपासणाऱ्यांचं, पूर्णत्वाचं प्रमाणपत्र मागा. 'जुनं काम आहे, मिळणार नाही' हे उत्तर ऐकून पुढे जाऊ नका. गॅरेजचं छप्पर करड्या नागमोडी पत्र्याचं असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरा; नुसतं राहिलं तर धोका कमी, तोडताना जास्त.

आणि एक आपल्या घरांचं खास. या घरांचं मूळ स्वयंपाकघर लहान, आणि आपण रोज कुकर लावतो, भात शिजवतो, फोडणी देतो, शिवाय हिवाळ्यात कपडे घरातच वाळत घालतो. ती सगळी वाफ उत्तरेकडच्या थंड भिंतीवर जाऊन बसते. मी कपाट पुढे ओढते आणि मागे काळी बुरशी निघते. घरच्यांना वाटतं भिंत गळतेय. भिंत गळत नसते. बाहेर हवा फेकणारा पंखा बसवा, हवा नुसती गाळून परत आत सोडणारा नको. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा आणि सकाळी दहा मिनिटं खिडक्या उघडा, जानेवारीतसुद्धा.

कराराआधी शेवटचं काम हे करा. मंगळवारी संध्याकाळी घर बाहेरून बघून झालं की जोडीच्या घराची घंटा वाजवा. तुमच्याकडे कारण आहे, म्हणून संकोच नको. सांगा, आम्ही शेजारचं घर घ्यायचा विचार करतोय, आमच्यासोबत लहान मुलगी आणि आई असतील. मग विचारा, तुमच्या बे विंडोला कधी तडा गेला होता का, आणि भिंतीतून आवाज किती येतो. दार कसं उघडतात, उत्तर द्यायला किती वेळ उभे राहतात, ते बघा. आत बोलावलं तर जा, आणि बैठकीच्या खोलीत त्या भिंतीजवळच्या खुर्चीवर बसा.